कधीच नाही

आत्याने पेनाचं टोपण दातात धरलं, कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला आणि अकराव्या प्रश्नापुढच्या शेवटच्या चौकोनात बरोबरची खूण केली. कधीच नाही. प्रश्न असा होता की नाट्यगृह, सिनेमागृह अशा ठिकाणी खुर्चीत बसताना वजनामुळे अडचण होते का. त्याआधीच्या प्रश्नांना, म्हणजे जिने, गुडघे, चपलेचा पट्टा लावायला वाकणं वगैरे, ती चांगली दोन-दोन मिनिटं घेत होती. "कधीकधी लिहू का बहुतेक वेळा गं? उन्हाळ्यात निराळं, थंडीत निराळं," असं म्हणत घोळ घालत होती. इथे मात्र पेन कागदावर टेकायच्या आधीच उत्तर तयार. मी समोर बसून प्रत्येक प्रश्नाला किती वेळ लागतो ते वहीत टिपत होते, म्हणून ते माझ्या नजरेत भरलं. आत्याचं वजन तेव्हा ९६ किलो होतं, उंची पाच फुटांच्या आतबाहेर. चला, निदान ही तरी अडचण नाही हिला, असं मनात म्हणून मी पुढच्या प्रश्नाकडे वळले. चहा झाला, शेंगाचटणीची पिशवी मिळाली, आतोबांनी सांगलीच्या स्टँडवर सोडलं. एस.टी.ने कराड सोडलं तेव्हा कुठे माझ्या डोक्यात आलं की आत्याने शेवटचं नाटक पाहिलं कधी?

आठवेना.

मी भाषांतरं करते. कादंबऱ्या वगैरे नाही; औषधांच्या चिठ्ठ्या, संमतीपत्रं, रुग्णांनी भरायच्या प्रश्नावल्या. शब्दाला अमुक पैसे असा हिशोब. या वेळचं काम होतं लठ्ठ माणसांचं जगणं कसं चाललंय हे मोजणारी एक प्रश्नावली मराठीत आणण्याचं. करारात गुप्ततेचं कलम असल्यामुळे तिचं नाव लिहीत नाही. पण ज्यांना असल्या कागदांचा पत्ताच नाही त्यांच्यासाठी सांगते, की ही जमात आता तीसेक वर्षांची झाली. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅम गावी ड्यूक विद्यापीठाचं वजन कमी करायला येणाऱ्यांसाठी एक केंद्र होतं. तिथे काम करणाऱ्या रॉनेट कोलोट्किन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी, वजनामुळे रोजच्या जगण्यात काय काय अडतं ते त्या माणसांच्याच तोंडून ऐकून त्याचे प्रश्न केले. १९९५ साली ते छापून आले तेव्हा ७४ होते. एवढे प्रश्न कोण भरणार? म्हणून २००१ मध्ये त्यांची ३१ प्रश्नांची सुटसुटीत आवृत्ती निघाली. पाच कप्पे: शरीराच्या हालचाली, स्वतःबद्दलचं मत, कामसुख, चारचौघांत होणारा त्रास आणि नोकरी-काम. बेरीज करून शून्य ते शंभरात आणायची, शंभर म्हणजे झकास. आता सेमाग्लुटाइड या वजन उतरवणाऱ्या औषधाच्या इंजेक्शनांच्या मोठ्या चाचण्यांत हिचीच आणखी लहान, २० प्रश्नांची बहीण वापरली गेली. किती किलो उतरले याच्या जोडीला जगणं किती सुधारलं याचाही आकडा लागतो, आणि तो आकडा यायचा तर कुणीतरी सांगलीच्या बाईला कळेल अशा मराठीत प्रश्न विचारायला हवा. माझं घर त्यावर चालतं, त्यामुळे फार शहाजोगपणा करण्यात अर्थ नाही. प्रश्न कुणाच्या पैशाने विचारला जातोय हे मला माहीत असतं.

तरीसुद्धा पहिल्यांदा तो कागद वाचला तेव्हा माझ्या घशाशी काहीतरी आलं होतं. मजबूत खुर्ची शोधावी लागते का? दोन टेबलांच्या मधून जाताना धास्ती वाटते का? हे प्रश्न कुणीतरी कागदावर लिहून, क्रमांक देऊन, गंभीरपणे विचारतंय! आपल्याकडे डॉक्टर काय विचारतो? काट्यावर उभ्या राहा. बस. पुढचं तो बोलतो, आपण ऐकायचं.

काट्याबद्दल मला राग आहे असं नाही. बिचारा खरं तेच सांगतो. राग आहे तो वजनाला उंचीच्या वर्गाने भागून येणाऱ्या त्या आकड्याचा, ज्याला आता लहान पोरंसुद्धा बीएमआय म्हणतात. बेल्जियमच्या केटले नावाच्या खगोलशास्त्रज्ञाला १८३०च्या दशकात 'सरासरी माणूस' कसा असतो हे शोधायचं होतं, त्यात त्याला हे गणित सापडलं. एकेका रोग्याला पारखायला त्याने ते काढलंच नव्हतं. १९७२ मध्ये अमेरिकेच्या ॲन्सेल कीज यांनी त्याला आजचं नाव दिलं आणि मग ते दवाखान्यादवाखान्यांत जाऊन बसलं. त्याचा फोलपणा दाखवणारी सर्वांत मजेदार गोष्ट पुण्याचीच आहे. के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोन संशोधकांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचेच फोटो शेजारीशेजारी छापले. दोघांचा बीएमआय तंतोतंत एक, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन साहेबांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२. आपण भारतीय दिसतो काटकुळे आणि आतून लोण्याचे गोळे, म्हणून मग आपल्यासाठी रेघ खाली ओढली गेली: २३च्या वर जादा वजन, २५च्या वर लठ्ठ. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायकांत जवळपास चारांतली एक या २५च्या पुढे निघाली. म्हणजे हळदीकुंकवाला वीस जणी जमल्या तर पाच. मी त्या पाचांतली. २०२५च्या जानेवारीत तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय आयोगाने सांगितलं की नुसत्या बीएमआयवर लठ्ठपणाचं निदान करू नका. अवयवांवर काय परिणाम झालाय, माणसाला रोजची कामं जमतात का, तेही बघा. आत्याला हे वाचून दाखवलं. ती म्हणाली, "एवढी मोठी माणसं जमली आणि एवढंच ठरलं?"

तर भाषांतर. या कामाची रीत अशी असते की दोघं जण स्वतंत्रपणे मराठी करतात, मग दोन्ही जुळवून एक मसुदा होतो, मग ज्याने मूळ पाहिलेलं नाही असा तिसरा कुणी तो मसुदा उलट इंग्रजीत नेतो, आणि अर्थ निसटला तर पुन्हा सुरुवातीपासून. सगळं जमलं की प्रत्यक्ष रुग्णांना बसवून विचारायचं, "हा प्रश्न तुमच्या शब्दांत सांगा बघू." आत्याकडे मी गेले होते ते अधिकृत मुलाखतीसाठी नव्हे, नातेवाईक चालत नाहीत, ती माझी आपली रंगीत तालीम. आणि त्या तालमीत माझे शब्द एकेक करून गळाले. पहिला गळाला 'तब्येत'. आरोग्य हा शब्द महापालिकेच्या पाटीवरचा, बोलण्यातला शब्द तब्येत, म्हणून मी मोठ्या हुशारीने सगळीकडे तब्येत घातलं होतं. आत्याने वाचलं, 'गेल्या आठवड्यात तुमची तब्येत कशी होती?' आणि म्हणाली, "वाढलेलीच की." बरोबर आहे. 'लग्नानंतर तब्येत सुधारली हो सूनबाईंची' याचा अर्थ आपल्यात रक्तदाब आटोक्यात आला असा होत नाही. ज्या भाषेत अंगावर मांस चढण्यालाच तब्येत सुधारणं म्हणतात, संसार मानवला म्हणतात, खात्यापित्या घरची म्हणतात, गुटगुटीत बाळांच्या स्पर्धा भरवून त्यांना बक्षिसं देतात, त्या भाषेत लठ्ठपणाने तब्येत बिघडते का असं विचारायचं तरी कसं? पिढ्यान्‌पिढ्या दुष्काळ पाहिलेल्यांची भाषा आहे ती. तिच्यात काळजी सगळी वाळण्याची.

दुसरा गळाला 'अवघडल्यासारखं वाटतं'. चारचौघांत संकोच वाटतो का, असा मूळ आशय. संकोच जरा पुस्तकी वाटला म्हणून मी अवघडणं घेतलं. आत्या खो-खो हसायला लागली. "अगं, अवघडायचं वय गेलं माझं आता!" बाहेर आतोबा पेपर वाचत होते, त्यांनी पेपर खाली केला आणि पुन्हा वर घेतला. ती हसते तेव्हा आधी खांदे हलतात, मग पोट, मग पलंग कुरकुरतो, आणि समोरच्याला हसू आवरत नाही. तिसरा शब्द गळाला नाही, तो सापडलाच नाही. नवरा-बायकोच्या सुखाबद्दलचे चार प्रश्न. 'लैंगिक जीवन' असं लिहिलं की डोळ्यांपुढे सरकारी दवाखान्याची भिंत येते. 'शरीरसंबंध' म्हटलं की पोलीस चौकी. ज्याला आपण रोजच्या बोलण्यात नावच दिलेलं नाही ते वजनामुळे कमी झालं का, हे कोणत्या तोंडाने विचारणार? आत्याने त्या चार प्रश्नांवर पट्टीने मारावी तशी सरळ रेघ ओढली. मग थोड्या वेळाने, दुसरंच काहीतरी बोलता बोलता, दाराकडे एकदा बघून हळू आवाजात म्हणाली, "आठेक वर्षं झाली. त्यांचं काही नाही हो. मीच दिवा लावू देत नव्हते, मग तेही राहिलं." मी वहीत काही लिहिलं नाही. लिहायला रकानाच नव्हता.

'लोक तुमची चेष्टा करतात का' या प्रश्नाला तिने 'क्वचित' लिहिलं. मी चमकले. आमच्या घरात तिचं नाव ढब्बूआत्या. तीन आत्या, त्यांत पुण्याची आत्या, माई आत्या आणि ढब्बूआत्या. बारशाचं नाव काय ते मला शाळेत जायला लागल्यावर लग्नपत्रिकेवरून कळलं. चुलत-मावस अशी आम्ही अकरा पोरं, सगळी तिला त्याच नावाने हाक मारायचो, आणि ती आनंदाने ओ द्यायची. तिच्या अंगावर उन्हाळ्यात दुपारी आम्ही तिघं-चौघं लोळत असू. दंड गार असायचे तिचे, माठासारखे, पावडरीचा आणि उसाच्या गुऱ्हाळाचा मिळून एक वास यायचा. माझ्या फोनमध्ये आजही तिचा नंबर त्याच नावाने आहे. "मग क्वचित कसं?" मी विचारलं. "चेष्टा कुठाय ती," ती म्हणाली, "प्रेमानं म्हणता तुम्ही." तिचं म्हणणं खोटं नव्हतं. पण 'क्वचित' तरी का लिहिलं मग, 'कधीच नाही' का नाही? ते मी विचारलं नाही. मला वाटतं उत्तर ऐकायची माझी तयारी नव्हती.

कासार आठवतो मला. माई आत्याच्या मुलीचं लग्न, ओट्यावर सतरंजी, बांगड्यांचे चुडे दोऱ्यात ओवलेले, आणि बायकांची रांग. कासार एकेकीचा हात हातात घेई, बोटांची पेरं आतल्या आत दुमडून पंजा असा काही निमुळता करी की बघत राहावं, आणि बांगडी सर्रकन मनगटावर. आत्याची पाळी आली. त्याने अडीचच्या घेतल्या, नाही गेल्या. दोन-दहाच्या काढल्या, पेटीत तळाशी होत्या, त्यांत लग्नाचा हिरवा रंग नव्हता, होता तो पोपटी. "लग्नाचा हिरवाच भरा," आत्या म्हणाली. साबणाचं पाणी आलं. आत्याचा पंजा लालबुंद झाला, तीन बांगड्या तटातट फुटल्या, एकीने अंगठ्याच्या बुडाशी रक्त काढलं, आणि ती मात्र सारखी म्हणत होती, "जाईल, जाईल, हात मऊ आहे माझा." शेवटी पाच गेल्या. इतर सगळ्यांना डझनभर. त्या लग्नाच्या फोटोंत आत्याने हात पदराखाली धरलेत. मी हे आजवर लाजरेपणा समजत होते.

असलं काही त्या प्रश्नावलीत नाही. ती डरहॅमची आहे, तिथे मोटारीची आणि विमानाची सीट असते. विमानाच्या प्रश्नाला आत्या म्हणाली, "बसलेच नाही कधी, मग त्रास कसला?" आणि पुन्हा 'कधीच नाही', पुन्हा पैकीच्या पैकी मार्क. मला तिला विचारायचं होतं ते निराळंच: पंगतीत मांडी घालून बसता येतं का, आणि बसलीस तर उठताना कुणाच्या खांद्यावर हात ठेवतेस? लग्नघरी फक्त भारतीय पद्धतीचा संडास असेल तर आदल्या रात्रीपासून पाणी पिणं बंद करतेस का? वडाप भरताना ड्रायव्हर तुला पुढे बसवतो का, आणि दोन सीटचे पैसे मागतो का? देवीच्या गाभाऱ्याबाहेरच्या अरुंद बोळातून प्रदक्षिणा घालतेस की 'माझा इथूनच नमस्कार' म्हणतेस? ब्लाउजपिसात ब्लाउज बसत नाही म्हणून आहेराची साडी किती वर्षं तशीच घडीत आहे? असे नऊ मुद्दे मी टिपणाच्या रकान्यात लिहून पाठवले. सभ्य उत्तर आलं: आपली निरीक्षणं नोंदवली आहेत, तथापि मूळ प्रश्नांत भर घालता येत नाही. त्यांचंही खरं आहे. प्रत्येक देशाने आपापले प्रश्न घुसडले तर डरहॅमचे ६२ आणि सांगलीचे ६२ यांची तुलना कशी होणार? फक्त मला वाटतं, ती आता तरी होते का?

एकदा रात्री मीच तो कागद भरला. माझं वजन ७८, उंची पाच फूट दोन इंच, धाकट्याच्या वेळी चढलेलं उतरलं नाही ते नाहीच. जिन्यांचा त्रास नाही, खुर्च्यांचा नाही. शरीराच्या कप्प्यात मला आत्याच्या कितीतरी वर मार्क. पण स्वतःबद्दल काय वाटतं त्या कप्प्यात मी तिच्या निम्म्यावर होते. आरशात बघायचं टाळता का? टाळते. ओळखीचं कुणी दिसलं की आधी मनात येतं का, की मागच्या भेटीत आपण बारीक होतो? येतं, रोज येतं. 'काय गं, केवढी सुटलीस!' हे वाक्य नमस्कारासारखं म्हणणाऱ्या बायकांना टाळायला मी बाजूच्या गल्लीतून भाजी आणते. ९६ किलोची आत्या कागदोपत्री माझ्यापेक्षा सुखी निघाली, आणि मला तिचा हेवा वाटला, आणि मग हेवा वाटल्याची लाज वाटली. अशी ही बेरीज. आकडा आला ६०च्या घरात कुठेतरी. तो बघून काही कळलं नाही, पण भरताना जे थांबले, खोडलं, पुन्हा लिहिलं, त्यात पुष्कळ कळलं.

आणि मग खुर्ची.

दोन वर्षांपूर्वी मिरजेला एका कार्यालयात लग्न होतं. पांढऱ्या प्लास्टिकच्या खुर्च्या, त्याच त्या, ज्यांचे मागचे पाय माणूस रेलला की फाकतात. आत्या हॉलच्या कडेला उभी होती, अक्षता झाल्या तरी उभीच. मंडपवाल्याचा एक पोरगा, सोळा-सतरा वर्षांचा, बाह्या दुमडलेला, खुर्च्या उचलत चालला होता. त्याने तिच्याकडे एक नजर टाकली, एका खुर्चीत दुसरी खुर्ची घट्ट बसवली, ती तिच्यामागे ठेवली, हाताने दाबून बघितली आणि निघून गेला. शब्द नाही बोलला. आत्या बसली. चेहऱ्यावर काय होतं ते आजही मला सांगता येणार नाही. समोर बसलेल्या दोन बायका एकमेकींकडे बघून ओठ दाबून हसल्या. मी रागाने त्या पोराला शोधायला निघाले, काय समजतो हा स्वतःला म्हणून. आणि आत्याने माझं मनगट धरलं. "बरं केलं त्यानं," ती म्हणाली. "सकाळपासनं उभी आहे." तो अपमान होता की दया होती, की नुसती मंडपवाल्याच्या पोराची अक्कल होती की एका खुर्चीला किती भार पेलतो? प्रश्नावलीत तो प्रसंग 'चारचौघांत होणारा त्रास' या कप्प्यात जाईल. मी बराच विचार केला. जाईलच असं वाटत नाही.

कराडपासून पुण्यापर्यंत मी नाटकं आठवत बसले होते. आत्या म्हणजे नाटकवेडी. सांगलीत जन्म, सांगलीतच दिलेली, विष्णुदास भाव्यांचं नाव घेतल्याशिवाय तिच्या तोंडून नाटकाचं वाक्य निघायचं नाही. मी शाळेत असताना सुट्टीत तिच्याकडे गेले की पहिल्या रात्री नाटक ठरलेलं. दुसऱ्या अंकाआधी बटाटावडा. संगीत नाटक असलं तर ती पदं पुटपुटायची आणि पुढच्या रांगेतले लोक मागे वळून बघायचे. ती बाई नाट्यगृहातल्या खुर्चीबद्दल 'कधीच नाही' म्हणते आणि तिला अर्धा सेकंदसुद्धा लागत नाही. घरी पोचल्यावर रात्री फोन केला. इकडचं तिकडचं झालं, चटणीत लसूण जास्त झाला का वगैरे. मग विचारलं. पलीकडे टीव्हीचा आवाज कमी झाला.

"२०११," ती म्हणाली. साल विचारलं नव्हतं मी. पुढचं तिने भाजीचे भाव सांगावेत तसं सांगितलं. पहिला अंक बसून पाहिला. खुर्चीचे हात दोन्ही बाजूंनी मांड्यांत रुतले होते, पण नाटक चांगलं होतं. शेजारचा माणूस मध्येच बायकोला म्हणाला, तू इकडे ये, मी तिकडे बसतो. मध्यंतरात उठताना आतोबांनी एका बाजूने ओढलं, डोअरकीपरने दुसऱ्या बाजूने. दुसरा अंक तिने सगळ्यांत मागे भिंतीला टेकून उभं राहून पाहिला. "कळ काढली, पण नाटक सोडलं नाही." घरी येऊन बघितलं तर दोन्ही मांड्यांवर हाताएवढे काळेनिळे वळ, आठवडाभर होते. त्यानंतर आतोबा एकदोनदा तिकिटं काढू का म्हणाले. "मी म्हटलं, आता टीव्हीवर दिसतं की सगळं."

"मग आज तू कधीच नाही का लिहिलंस?"

"तू विचारलंस बसताना अडचण होते का. मी बसतच नाही. होणार कशी?" थोडं थांबून म्हणाली, "चुकलं का गं? खोडून देऊ का?"

चुकलं नव्हतं. कागदावर 'कधीच नाही' अशी दोन माणसं लिहितात, एक जिला अडचण नाही ती, आणि दुसरी जी अडचणीच्या वाटेलाच जात नाही ती, आणि मार्क दोघींना सारखे. जितकं घरात बसावं तितकी बेरीज वाढत जाते. या क्षेत्रात काम करणाऱ्यांना हे ठाऊक आहे. माणूस आपल्या दुखण्याशी जुळवून घेतो आणि त्याची मोजपट्टीच सरकते, यावर त्यांनी पुष्कळ लिहिलंय. पण मला जे दिसत होतं ते साधं होतं. माझ्या आत्याचं जग एकेका खोलीने लहान होत गेलं होतं. आधी नाटक, मग एस.टी., मग वरच्या मजल्यावरची भिशी, मग देऊळ, मग दिवा. प्रत्येक वेळी तिने दार हलक्या हाताने लावून घेतलं आणि आम्ही म्हणालो, ढब्बूआत्याला घर फार प्रिय.

ती प्रश्नावली मी वेळेत पाठवली. त्या प्रश्नाखाली टिपणात लिहिलं, की 'जात नाही' असा वेगळा चौकोन हवा. त्यांनी नोंदवलं.

गेल्या आठवड्यात आमच्या घराजवळच्या नाट्यगृहात दुपारी गेले. दिवाळीला आत्या पुण्याला येणार आहे. तिकीटखिडकीवरच्या माणसाला विचारलं, खुर्चीची रुंदी किती? त्याने माझ्याकडे आपादमस्तक बघितलं, ते मला कळलं, पण माणूस भला होता. "कुणी विचारलं नाही बुवा आजवर. आत जाऊन बघा, झाडलोट चाललीये." अंधारात दोनच दिवे होते, लाल कापडांना धुळीचा आणि जुन्या अत्तराचा वास. पर्समधून शिंप्याची टेप काढली आणि मी रांगेने मापं घेत सुटले. मधल्या रांगा साडेअठरा इंच. बाल्कनीत अठरा. झाडणारी बाई केरसुणी टेकवून माझ्याकडे बघत उभी राहिली. मी तिथूनच फोन लावला. पडद्यावर नाव उमटलं, ढब्बूआत्या.

"साडेअठरा आहे," मी म्हटलं. प्रास्ताविक काही सुचलं नाही.

"साडेअठरा? मग नाही गं," ती ताबडतोब म्हणाली. "मला बावीस लागतात."

मी गप्प. हे माप तिने कधी घेतलं असेल, कुठल्या दुपारी, कोणत्या टेपने, दार लावून?

"टोकाची खुर्ची बघ," पलीकडून आवाज आला. "तिचा बाहेरचा हात वर होतो का?"

मी टेप गुंडाळली आणि पॅसेजच्या बाजूने खाली चालत गेले, पहिली टोकाची खुर्ची गाठली, हात धरून वर ओढला. हलला नाही. दुसऱ्या रांगेची धरली.